जास्त आयएसओचे फोटो आणि नॉईज काढणारी सॉफ्टवेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आगेमागे माझा फोन एकाच प्रश्नासाठी वाजत असतो: "अंधारात काढलेले फोटो रवाळ आलेत, आता काय करू?" विचारणारे कधी एकांकिका स्पर्धेचे फोटो काढणारे कॉलेजचे विद्यार्थी असतात, कधी पथकातली मुलं, कधी भिगवणहून परतलेले पक्षीवेडे. मी पुण्यात बरीच वर्षं नाटकं आणि मिरवणुका टिपतो आहे. खालची उत्तरं त्याच कामातून आली आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो. फोटोत थोडे दाणे राहिले तर काही बिघडत नाही, पण कातडीचा, कापडाचा, लाकडाचा पोत गेला तर फोटो हातचा जातो.

नॉईज म्हणजे नेमकं काय? आयएसओ वाढवला म्हणूनच येतो ना?

नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. नॉईज, म्हणजे फोटोत दिसणारे दाणे आणि रंगीत ठिपके, येतो तो उजेड कमी पडल्यामुळे.

गच्चीवर शंभर वाट्या ओळीने मांडल्या आहेत आणि पावसाची एक सर आली, असं समजा. सर अर्ध्या मिनिटात थांबली तर एका वाटीत सात थेंब सापडतील, शेजारच्या वाटीत तेरा. तासभर कोसळली तर सगळ्या वाट्या जवळपास सारख्याच भरलेल्या दिसतील. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल ही अशी एक वाटी. प्रकाशाचे कण कुठे किती पडतील याचाही नेम नसतो. सरासरी १०० कण आले तर दहाएक कणांचा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० कण आले तर चढउतार शंभराचा, म्हणजे जेमतेम १ टक्का. भर उन्हातला फोटो स्वच्छ आणि रंगमंचावरच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला रवाळ, याचं मुख्य कारण हेच. सेन्सरवरून आकडा वाचताना इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची थोडी खरखरही त्यात मिसळते.

आयएसओ हे कॅमेऱ्याचं सेटिंग फक्त जमलेला उजेड मोठा करून दाखवतं. रेडिओचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसंच.

मग आयएसओ १६०० वरच ठेवून नंतर कॉम्प्युटरवर उजेड वाढवला तर?

काहीच मिळत नाही. शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) आणि ॲपर्चर (लेन्सच्या भोकाचा आकार) तेच असेल तर सेन्सरवर प्रकाश तेवढाच पडला. ६४०० वर नीट उजळ आलेला फोटो हा १६०० वर काढून दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन म्हणजे चौपट) उचललेल्या फोटोपेक्षा चांगला असतो, किंवा फार तर तेवढाच. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत असा उचललेला फोटो सावलीत जांभळट पडतो आणि आडवे-उभे पट्टे दिसायला लागतात.

एक अपवाद मी स्वतः पाळतो. मागे काळोख आणि पांढऱ्या झब्ब्यावर थेट स्पॉट पडला असेल, तर आयएसओ एक स्टॉप कमी ठेवतो. झब्ब्याचा पांढरा एकदा जळला की कुठलंच सॉफ्टवेअर त्याच्या चुण्या परत आणत नाही. नॉईजवर निदान उपाय तरी आहे.

खरा फायदा होतो तो जास्त प्रकाश आत घेण्याने. नट स्वगत म्हणताना स्थिर उभा असेल तर शटर १/२५० सेकंद कशाला? १/१२५ वर या, प्रकाश दुप्पट मिळतो. मात्र अंगविक्षेप चालू असताना शटर कमी करू नका. हललेला चेहरा हा रवाळ चेहऱ्यापेक्षा केव्हाही वाईट.

रंगीत ठिपके आणि करडे दाणे, हे दोन्ही एकच का?

नाही. करडे दाणे म्हणजे ल्युमिनन्स नॉईज, लाल-हिरवे-जांभळे डाग म्हणजे कलर नॉईज. रंगीत डाग बिनधास्त काढा. आपल्या डोळ्याला रंगातला बारीक तपशील तसाही कमी दिसतो, त्यामुळे तिथे थोडं पुसलं गेलं तरी खटकत नाही. करड्या दाण्यांना मात्र जपून हात लावा, कारण पोत त्याच थरात असतो. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) उघडली की कलर नॉईजचा स्लायडर आपोआप २५ वर असतो आणि ल्युमिनन्स शून्यावर, हे उगाच नाही.

नाट्यगृहातल्या पिवळ्या दिव्यांत फोटो जास्तच घाण का दिसतात?

जुन्या हॅलोजन दिव्यांच्या उजेडात निळा रंग फारच थोडा असतो. सेन्सरवरच्या चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा. ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये असताना शोधलेल्या, १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या जाळीची ही मांडणी बहुतेक कॅमेऱ्यांत आजही तशीच आहे. म्हणजे निळ्या वाट्या आधीच कमी, आणि त्यांत थेंबही कमी. आपण व्हाइट बॅलन्स लावून पिवळा घालवतो तेव्हा या उपाशी निळ्या चॅनलला खेचून वर आणतो आणि त्याच्याबरोबर त्याचा सगळा नॉईज.

म्हणून भरत नाट्य मंदिरातल्या एकांकिकेचा फोटो अगदी दुधासारखा पांढरा करू नका. थोडी ऊब राहू द्या. प्रकाशयोजना करणाऱ्याने ती ऊब विचारपूर्वक दिलेली असते, आणि नॉईजही कमी दिसतो.

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

आधी हातात काय आहे ते पाहा. लाइटरूम किंवा फोटोशॉपचं सबस्क्रिप्शन असेल तर त्यातलं एआय डीनॉईज, म्हणजे एआयने नॉईज काढायची सोय, पुरेसं आहे. ते एप्रिल २०२३ मध्ये आलं. सुरुवातीला प्रत्येक फोटोची वेगळी, चांगली जाडजूड डीएनजी फाइल (रॉचाच एक प्रकार) तयार व्हायची आणि डिस्क भरून जायची. २०२५ च्या मध्यापासूनच्या आवृत्त्यांत ती वेगळी फाइल करावी लागत नाही.

डीएक्सओचं प्युअररॉ फक्त रॉ फाइलवर चालतं आणि माझ्या मते सर्वांत खोल अंधारातल्या फोटोंवर तेच सर्वांत सरस आहे. मात्र तुमचा कॅमेरा त्यांच्या यादीत आहे का, हे विकत घेण्याआधी बघून घ्या. टोपाझ जेपीईजीवरही चालतं, पण त्याचा हात जड आहे. त्याने आपोआप ठरवलेले आकडे मी नेहमी खाली आणतो.

पैसे खर्च करायचे नसतील तर डार्कटेबल घ्या. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि त्यातलं 'डीनॉईज प्रोफाइल्ड' हे मॉड्यूल खरोखर विचार करून बनवलेलं आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा त्या त्या आयएसओला नॉईज कसा असतो, याची मोजमापं त्यात आधीच भरलेली असतात. रॉथेरपीही चांगलं आहे. शिकायला पंधरा दिवस लागतील. विद्यार्थ्यांना मी हाच रस्ता सांगतो, कारण कुठला स्लायडर काय करतो हे त्यात नीट कळतं.

यातल्या बहुतेकांची मोफत ट्रायल मिळते किंवा ती मुळात मोफत आहेत. स्वतःचेच पाच सगळ्यात वाईट फोटो घेऊन प्रत्येकात चालवून बघा. कंपनीच्या साइटवरचे नमुने पाहून ठरवू नका.

स्लायडर किती ठेवू? एक आकडा सांगा.

एकच आकडा सांगता येणार नाही, पण पद्धत सांगतो. फोटो १०० टक्क्यांवर झूम करा. चेहरा असेल तर भुवई आणि खालची पापणी स्क्रीनच्या मधोमध आणा. स्लायडर हळूहळू वाढवत न्या. ज्या क्षणी भुवईचे केस वेगवेगळे दिसायचे थांबून एक काळी रेघ होते, तिथे थांबा आणि तिथून चांगलं पाऊल मागे या.

लाइटरूमचं एआय डीनॉईज ५० वर उघडतं. ३२०० आयएसओच्या फोटोंना मी साधारण २५ ते ३५ ठेवतो, १२,८०० च्या फोटोंना ४५ ते ५५. सत्तरच्या वर गेल्याचा मला फारसा उपयोग झालेला नाही. साधा, जुना ल्युमिनन्स स्लायडर वापरत असाल तर २०-२५ च्या पुढे चेहरे मेणाचे व्हायला लागतात.

एआय खोटं भरतं का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनी सॉफ्टवेअर शेजारपाजारचे पिक्सेल बघून सरासरी काढायची. त्यातली हुशार होती ती 'नॉन-लोकल मीन्स' या पद्धतीची. २००५ मध्ये मांडली गेलेली ही पद्धत फोटोत इतरत्र दिसणारे तसेच तुकडे शोधून त्यांची सरासरी घेते. डार्कटेबलमध्ये ती आजही आहे. एआयवाली सॉफ्टवेअर वेगळ्या रीतीने शिकलेली असतात. स्वच्छ आणि रवाळ फोटोंच्या असंख्य जोड्या बघून त्यांनी अंदाज बांधायला शिकलेलं असतं: इथे दाणे आहेत, आणि असे दाणे असतात तेव्हा खाली बहुधा असं काहीतरी असतं. हा अंदाज बहुतेक वेळा थक्क करण्याइतका बरोबर येतो. पण तो अंदाजच असतो.

लक्ष्मी रस्त्यावरचा माझा एक फोटो आहे. रात्रीची वेळ, आयएसओ ६४००, मागून हॅलोजनचा झोत. टिपरू नुकतंच ढोलाच्या पानावर पडलंय आणि पानावर साचलेला गुलाल धक्क्याने उडालाय. मागच्या उजेडात गुलालाचा कण न् कण सुटा चमकतोय. वाजवणाऱ्या मुलीच्या मनगटाभोवती लाल धुक्याचं कडं झालंय आणि त्या कड्यात मोजता येतील असे दाणे आहेत. मी घाईत होतो. तीनशे फोटोंना एकदम ६० चं डीनॉईज लावलं आणि पथकाला पाठवून दिले. दोन दिवसांनी त्याच मुलीचा मेसेज आला: "दादा, गुलाल कुठे गेला?"

उघडून पाहिलं तर खरंच गेला होता. सॉफ्टवेअरने हवेतल्या गुलालाला नॉईज समजून पुसलं होतं. मनगटाभोवती नुसती गुलाबी वाफ उरली होती. त्याचं तरी काय चुकलं? बारीक, लाल, विस्कळीत ठिपके म्हणजे त्याच्या लेखी नॉईजच. मूळ रॉ हाताशी होती म्हणून निभावलं. तो एक फोटो पुन्हा केला, डीनॉईज २० वर आणलं, आणि गुलालाच्या भागावर नॉईजला हातच लावला नाही.

तेव्हापासून एआय लावल्यावर मी चार जागा हटकून तपासतो. पहिली म्हणजे हवेत उडणारी कुठलीही गोष्ट: गुलाल, पाऊस, धूळ, उदबत्तीचा धूर. दुसरी, बारीक समांतर रेषा. मैफलीतल्या एका फोटोत तानपुऱ्याची एक तार मधूनच गायब झालेली मला सापडली आहे. तिसरी, लांबवरची अक्षरं. मंडळाच्या कमानीवरच्या देवनागरीत वेलांट्या वितळतात, मात्रा शेजारच्या अक्षराला चिकटते आणि वाचताच येणार नाही असं काहीतरी तयार होतं. चौथी जागा म्हणजे गर्दीतले मागचे छोटे चेहरे. तिथे कधी कधी जो माणूस तिथे नव्हता त्याचे डोळे उमटतात. मिरवणुकीचा फोटो हा त्या रात्रीचा पुरावा असतो, त्यात असं चालणार नाही.

चेहरे प्लॅस्टिकचे दिसतात. आता काय करू?

आकडा कमी करा. तरीही चेहरा गुळगुळीत वाटला तर सगळ्यात शेवटी थोडा ग्रेन घाला. लाइटरूममध्ये इफेक्ट्सखाली तो स्लायडर आहे, १० ते १५ पुरे. आधी नॉईज काढायचा आणि मग दाणे घालायचे हे विचित्र वाटेल, पण कलर नॉईज हा कुरूप आणि डागाळलेला असतो, तर घातलेला ग्रेन एकसारखा आणि करडा असतो. वयस्कर कलाकारांच्या चेहऱ्यांना याने पुन्हा कातडी मिळते.

आधी शार्पनिंग की आधी नॉईज?

आधी नॉईज. शार्पनिंग दाण्यांनाही धार लावतं. लाइटरूममध्ये शार्पनिंगचा मास्किंग स्लायडर ऑल्ट दाबून सरकवा, फक्त कडा पांढऱ्या दिसेपर्यंत. मग मागचा काळा पडदा शार्प होत नाही.

जेपीईजी फोटोवर चालतं का?

चालतं, पण अर्धंमुर्धं. रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलचा नॉईज सुटा सुटा असतो, म्हणून ओळखता येतो. जेपीईजी तयार होईपर्यंत कॅमेऱ्याने रंग भरलेले असतात, स्वतःचं थोडं नॉईज रिडक्शन आणि शार्पनिंग केलेलं असतं, आणि वर आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत दाबून बसवलेलं असतं. दाण्यांची मग गिचमीड होते. शिवाय १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीईजीत २५६. अंधारातलं काहीही काढणार असाल तर कॅमेरा घरातून निघतानाच रॉवर ठेवा.

कॅमेऱ्यातलं 'हाय आयएसओ एनआर' चालू ठेवू का?

एनआर म्हणजे नॉईज रिडक्शन. ते साधारणपणे जेपीईजीपुरतंच असतं. रॉ काढत असाल तर त्याची चिंता सोडा. त्याच मेनूतलं 'लाँग एक्स्पोजर एनआर' मात्र अगदी वेगळं आहे. ३० सेकंदांचा फोटो काढला की कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी ३० सेकंद थांबतो, त्यात फक्त तापलेले पिक्सेल टिपतो आणि मूळ फोटोतून ते वजा करतो. एकदोन फोटोंना उत्तम. ओळीने शंभर फोटो काढायचे असतील तर निम्मी रात्र वाया जाते.

काजव्यांच्या आणि ताऱ्यांच्या फोटोंना डीनॉईज लावू का?

आंधळेपणाने लावू नका. राजमाचीला पावसाच्या तोंडावर काढलेल्या फोटोत काजवे, तारे आणि तापलेले पिक्सेल हे तिन्ही ठिपकेच असतात. उकाड्याने सेन्सर तापतो आणि असे पिक्सेल जास्त उमटतात. ओळखायचं असं: तापलेला पिक्सेल लागोपाठच्या प्रत्येक फोटोत नेमक्या त्याच जागी असतो, बहुधा भडक लाल, निळा नाहीतर हिरवा आणि टोकदार. काजवा लेन्समधून आलेला असतो, त्यामुळे त्याला मऊ कडा असते, रंग पिवळट हिरवा असतो आणि तो जागा बदलतो.

मी असं करतो. संधिप्रकाशात झाडांचा एक फोटो काढतो आणि त्याला मनसोक्त डीनॉईज लावतो. मग ट्रायपॉड न हलवता काजव्यांचे फोटो काढत राहतो. त्यांना डीनॉईज लावत नाही, फक्त तापलेले पिक्सेल काढतो. डार्कटेबलमध्ये त्यासाठी वेगळं मॉड्यूल आहे. शेवटी हे फोटो त्या पहिल्या फोटोवर 'लाइटन' मोडमध्ये (प्रत्येक जागी जास्त उजळ पिक्सेल ठेवणारा) एकावर एक ठेवतो. काजवा न् काजवा शाबूत राहतो आणि झाडं स्वच्छ येतात. तिथे टॉर्च लावू नका. उजेडाने काजव्यांचे संकेत बिघडतात.

ताऱ्यांसाठी एकाच सेटिंगवर अनेक फोटो काढून त्यांची सरासरी घेणं हा सर्वांत प्रामाणिक उपाय. १६ फोटोंची सरासरी घेतली की नॉईज चौथ्या हिश्शावर येतो, आणि त्यात अंदाजाने भरलेलं काहीच नसतं. सीक्वेटर हे विंडोजवरचं मोफत सॉफ्टवेअर तारे जुळवून सरासरी काढून देतं. शनिवारवाड्यासारख्या स्थिर वास्तूचे रात्रीचे फोटोही असेच एकत्र करता येतात.

भिगवणला पहाटे काढलेल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या फोटोंचं काय?

उडत्या पक्ष्याला १/२००० लागतं, त्यामुळे पहाटे आयएसओ ३२०० होणारच. पक्ष्यावर मास्क करा, म्हणजे तो भाग वेगळा निवडा. मागच्या पाण्यावर आणि आकाशावर डीनॉईज भरपूर, पिसांवर थोडं. नॉईज आधी डोळ्यात भरतो तो सपाट आकाशात. पिसांच्या गुंत्यात तो लपून जातो.

१०० टक्क्यांवर भयानक दिसतो. प्रिंट काढू का?

काढा. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो इन्स्टाग्रामवर १०८० चा होतो, म्हणजे तीसएक पिक्सेल मिळून एक होतात आणि त्या सरासरीत नॉईज बराचसा विरून जातो. १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटलाही कागद पुष्कळ दाणे पोटात घेतो. माझ्या घरी भिंतीवर १२,८०० आयएसओचा एक फोटो आहे, नॉईज जवळजवळ न काढलेला. आजवर एकाही पाहुण्याने दाण्यांबद्दल विचारलेलं नाही. याउलट एक गुळगुळीत केलेला चेहरा मॅट कागदावर छापला तेव्हा तो मेणाच्या पुतळ्यासारखा दिसला होता. स्क्रीनवर ते जाणवलंच नव्हतं. मोठी प्रिंट काढण्याआधी चेहऱ्याच्या भागाची चार बाय सहाची चाचणी प्रिंट काढून बघा, खर्च अगदीच थोडा येतो.

कॉम्प्युटर जुना आहे, एका फोटोला पाच मिनिटं लागतात.

एआय डीनॉईजचं सगळं ओझं ग्राफिक्स कार्डवर असतं, रॅम वाढवून फार फरक पडत नाही. आधी निवड करा. चारशेतले चाळीस फोटो द्यायचे असतील तर चाळिसांनाच लावा आणि रात्री झोपताना चालू करून ठेवा.

काम झालं की रॉ फाइल डिलीट करू का?

करू नका. बालगंधर्वला काढलेले माझे काही जुने फोटो होते, ३२०० लाच गुडघे टेकणाऱ्या कॅमेऱ्यावरचे. त्या काळात जे सॉफ्टवेअर होतं त्याने ते सुधारले नाहीत, म्हणून कुणाला दिलेच नव्हते. गेल्या वर्षी त्याच रॉ फाइल नव्या डीनॉईजमधून काढल्या. एका फोटोत विंगेत उभी असलेली प्रॉम्प्टर दिसते. संहितेवर बोट आणि ओठ नटाच्या वाक्याबरोबर हलताहेत. त्या वेळी तिथे फक्त जांभळा चिखल होता. आता बोट कोणत्या ओळीवर आहे तेही कळतं. अक्षरं वाचता येत नाहीत, आणि ती वाचता यावीत म्हणून मी स्लायडर आणखी पुढे नेला नाही.